घरकामाला गाणी लावताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे पहिल्या दिवशी गाणं कुठलं लावायचं यावरच वीस मिनिटं भांडण झालं, कपड्यांचा ढीग तिथल्या तिथे. म्हणून प्लेलिस्ट आदल्या रात्रीच करून ठेवा, आज निवड एकाची तर उद्या दुसऱ्याची, आणि मुलांनी लावलेलं गाणं डोक्यात गेलं तरी मध्येच बंद करायचं नाही.

दुसरं म्हणजे कामाला न जुळणारं गाणं. पूर्वी जहाजावरचे खलाशी दोर ओढताना गायचे, एकजण ओळ म्हणणार आणि बाकीचे ठेक्यावर एकदम हिसका देणार, म्हणजे गाणं कामाच्या मापाचंच असायचं. केर काढायला, लादी पुसायला मिनिटाला १००-१२० ठोक्यांचं गाणं मस्त, भरभर चालतानाची लय साधारण तीच. पण तेच काचेचे ग्लास घासताना लावलंत की ग्लास गेलाच समजा (आमचे दोन गेले).

भावंडांची आपसात शर्यत तर लावूच नका, धाकटा रोज हरतो आणि तिसऱ्या दिवशी रुसून बसतो. त्यापेक्षा सगळे मिळून गाण्याशी शर्यत लावा, तीन-चार मिनिटांचं गाणं संपायच्या आत सगळ्या मोज्यांच्या जोड्या लागल्या पाहिजेत. शेवटचं कडवं आलं की जी धांदल उडते ना! आणि हरवलेला मोजा हमखास कुणाच्या तरी पायातच निघतो.

बक्षिसाचं लालूच नको. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं की बक्षीस, तर ती नंतर मोकळ्या वेळात रंगांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. मोज्यांच्या खेळात मजा येतेय तर वर चॉकलेट कशाला?

आणि सगळ्यात मोठी चूक, जी मी अजून करते. पोरगं जीव लावून टॉवेलची घडी घालतं, वाकडीतिकडी, आणि आपण त्याच्यासमोरच ती मोडून परत घालतो. झालं, उद्यापासून तो टॉवेल तुमचाच. तसंच सोफ्यावर बसून नुसतं "चला चला, मज्जा!" ओरडलात तर कुणी हलणार नाही, आधी स्वतः झाडू घ्या.

एवढं करूनही कुणी कंटाळलं तर गाणं तेच ठेवा, काम अदलाबदली करून बघा, चिठ्ठ्या टाकून. घरातला टीनएजर हेडफोन लावून एकटाच भांडी घासतोय? घासू दे ना, बोलू नका काही.