डोळे सगळ्यात शेवटी

पोर्ट्रेट शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी डोळ्यापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं. वीस-वीस मिनिटांच्या तीन सिटिंग एका डाव्या डोळ्यावर घालवल्या. पापणीचे केस, बुबुळातली चमक, सगळं झकास उतरलं होतं. सर मागे येऊन उभे राहिले, खिशातून वजन बांधलेला दोरा काढून माझ्या हातात दिला. "डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ओळंबा सोड." समोरच्या मॉडेलच्या चेहऱ्यावर दोरा नाकपुडीच्या कडेला टेकत होता, माझ्या कागदावर थेट गालावर. इतका देखणा डोळा पुसताना अगदी जिवावर आलं.

आता मी शिकवतो, तेव्हा पहिले काही दिवस कुणालाच डोळे काढू देत नाही. मुलं वैतागतात. चेहरा ओळखू येतो तो डोळ्यांमुळेच, असं त्यांना वाटतं. पण ओळखीचा माणूस लांबून चालत येताना त्याचे डोळे दिसतात कुठे? दिसतो तो डोक्याचा घाट, मान ठेवायची ढब आणि भुवयांखालचा अंधार. साम्य तिथेच असतं.

म्हणून एकाच बाजूने प्रकाश घ्या, डोळे किलकिले करा आणि सावलीचा आकार एखाद्या नकाशासारखा काढा. भुवईखालची, नाकाखालची, हनुवटीखालची सावली बहुतेक वेळा एकमेकींत मिसळलेली असते. ती एकसंध भरा. वरचा दिवा असेल तर वरचा ओठ सावलीत जातो, खालचा उजळतो. ओठांना बाहेरून रेघ मारायची गरजच उरत नाही. डोळ्यातलं पांढरं खरं तर राखाडी असतं. तिथे कोरा कागद सोडलात की माणूस दचकल्यासारखा दिसतो. आणि डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते. नवशिके ती हमखास वर चढवतात, कारण कपाळात काढण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं.

फोटोवरून काम करायला माझी हरकत नाही, पण हातभर अंतरावरून काढलेला फोटो घेऊ नका. त्यात नाक फुगतं, कान मागे पळतात, आणि तुम्ही ती चूक इमानेइतबारे उतरवता. वास्तववाद म्हणजे सगळंच काढणं, हा गैरसमज फोटोनेच वाढवलाय, असं माझं मत.

रंगाचं थोडक्यात सांगतो. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न (1860–1920) पांढरा, पिवळा ओकर (मातकट पिवळा), शेंदरी लाल आणि काळा, एवढ्यावर त्वचा रंगवण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या उबदार रंगांशेजारी काळ्या-पांढऱ्याचा राखाडी चक्क निळा भासतो. सुरुवातीला चार ट्यूब पुष्कळ झाल्या.

शिकवताना एक पथ्य पाळतो: विद्यार्थ्याच्या चित्राला हात लावत नाही. जे दाखवायचं ते कागदाच्या कोपऱ्यात काढतो. माझी एक रेघ त्याच्या चित्रात गेली की तो बाकीचं चित्र तिच्याभोवती सांभाळत बसतो. परवा एकाने डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन गडद खोबणी ठेवून, "सर, आता काढू?" असं विचारलं. ब्रेक होता. मॉडेल म्हणून बसलेल्या काकू पाय मोकळे करत त्याच्या ईझलमागे आल्या, चित्राकडे बघितलं आणि आपोआप पदर सारखा केला. मी त्याला म्हटलं, उद्या काढ.