‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणणाऱ्या माणसासाठी

ठरलेलं फिरवायचं आणि वर तुम्हालाच वेड्यात काढायचं, असं एखादं माणूस घरात असतंच. त्याच्याशी वाद घालू नका, तुमचा चढलेला आवाजच त्याला हवा असतो.

बोलणं संपलं की लगेच एक साधा व्हॉट्सअ‍ॅप टाका. मी मोठ्या भावाला असा पाठवते: ‘दादा, ठरल्याप्रमाणे सोसायटीच्या मेंटेनन्सचे ३००० तू ५ तारखेला भरणार, आईची औषधं मी आणते.’ टोमणा नाही, जुनं काही उकरणं नाही. महिन्याभराने त्याने हात वर केले, तर तोच मेसेज पुन्हा पुढे करायचा, एक शब्दही न वाढवता. सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला.

टोचून बोलला तर ‘बरं’, ‘बघते’ एवढंच. कारण सांगू नका, त्यातूनच पुढचं भांडण निघतं. फोनवर लगेच ‘हो’ म्हणू नका. ‘लोकलमध्ये आहे, घरी पोचून सांगते’ म्हणा. दादर ते ठाणे अर्ध्या तासात डोकं शांत होतं.

मात्र मारहाण किंवा धमकी असेल तर हे करत बसू नका, थंड उत्तरांनी असा माणूस जास्त भडकू शकतो. ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ लावा. मन खचलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, मोफत आहे.