तळाखाली किती पाणी उरेल? अरुंद जलमार्गात शिरण्याआधीचा हिशेब

बंदराच्या चॅनेलमध्ये शिरण्याआधी सगळे एक वजाबाकी करतात: चार्टवरची (सागरी नकाशावरची) खोली अधिक भरती, वजा ड्राफ्ट (जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग). पण हा आकडा जहाज उभे असतानाचा. जहाज चालू लागले की तळाखालचे पाणी घटते, आणि किती घटेल हे मुख्यतः वेगावर ठरते. या हिशेबाचा खरा विषय वेग आहे.

मुंबई बंदरासारखे, उधाणाला साडेतीन-चार मीटर पाणी चढ-उतार करणारे ठिकाण धरू. समजा कंटेनर जहाजाची रुंदी ४० मी., ड्राफ्ट १४ मी., ब्लॉक कोइफिशंट (बुडालेला भाग त्याच लांबी-रुंदी-ड्राफ्टच्या चौकोनी ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो तो आकडा) ०.६५. चार्टवरची खोली १४ मी., भरती २.५ मी. म्हणजे पाणी १६.५ मी. तळाखाली अडीच मीटर, ड्राफ्टच्या जवळपास १८ टक्के. तळाखाली ड्राफ्टच्या किमान १० टक्के पाणी हवे, ही अनेक कंपन्यांची अट सहज पार. आता एकेक वजावट करा.

पाण्याची घनता: जहाजाचा गोड्या पाण्याचा अलाउन्स (समुद्रातून गोड्या पाण्यात गेल्यावर वाढणारा ड्राफ्ट) २५० मिमी आणि पाणी १.०१५ असेल, तर समुद्राच्या १.०२५ च्या तुलनेत ड्राफ्ट १० सेंमी वाढतो. पावसाळ्यात नद्यांच्या तोंडाशी हायड्रोमीटरने पाण्याची घनता मोजाच.

कलणे: निम्मी रुंदी गुणिले कोनाची साइन. एका अंशाला २० × ०.०१७५ म्हणजे ३५ सेंमी. वळणावर किंवा आडव्या वाऱ्यात रुंद जहाजाला एक अंश काहीच नाही.

लाटा: चॅनेलच्या तोंडाशी ३० सेंमी धरू.

स्क्वॉट (चालताना जहाज पाण्यात आणखी खाली बसणे): बॅरासच्या सोप्या सूत्रानुसार उथळ पण मोकळ्या पाण्यात ब्लॉक कोइफिशंट × वेगाचा वर्ग ÷ १००, बंदिस्त चॅनेलमध्ये ÷ ५०. वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल), उत्तर मीटरमध्ये. दोन्ही बाजूंना उथळ पाणी असलेला खोदलेला चॅनेल या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. नियोजनाला ५० च वापरावा. १० नॉटला १.३ मी., ७ नॉटला ०.६४ मी.

सर्वेक्षणातील त्रुटी: इलेक्ट्रॉनिक चार्टवर सर्वेक्षण किती भरवशाचे ते दर्जाने दाखवतात; भाग ए१ दर्जाचा असेल तर खोलीत ०.५ मी. अधिक १ टक्का, इथे ०.६४ मी. ए२ असेल तर १ मी. अधिक २ टक्के. शेवटच्या सर्वेक्षणानंतर गाळ किती साचला, हे चार्ट सांगत नाही; बंदराची ताजी खोली मागवा.

बेरीज करा. १० नॉटला लागणारे पाणी १४ + ०.१० + ०.३५ + ०.३० + १.३० = १६.०५ मी. भरवशाचे पाणी १६.५ − ०.६४ = १५.८६ मी. म्हणजे कागदावरचे अडीच मीटर संपून वर १९ सेंमी कमी. ७ नॉटला मात्र ४७ सेंमी उरतात. यात बदलला तो फक्त वेग.

इथे हमखास होणारी चूक अशी: सूत्रात जीपीएसचा वेग घालतात. स्क्वॉटला पाण्यातला वेग लागतो. दोन नॉट ओहोटीविरुद्ध आत येताना जीपीएसवर १० दिसत असतील तर पाण्यातून १२ चालले आहेत, आणि स्क्वॉट १.८७ मी. ७ ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ क्वीन एलिझाबेथ २ हे प्रवासी जहाज सुमारे २५ नॉटने जाताना खडकाला घासले. तिथेही स्क्वॉट कमी लेखला गेला होता.

दुसरा घात वेळेचा. भरतीचे पाणी सहा तासांत बाराव्या भागांनी चढते-उतरते: १, २, ३, ३, २, १. फरक ४ मी. असेल तर मधल्या एका तासात एक मीटर जातो. पायलट (बंदरात वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) अर्धा तास उशिरा आला की वर राखलेले ४७ सेंमी संपले. म्हणून भरतीची खिडकी (पुरेसे पाणी असण्याचा काळ) तासात नको, मिनिटांत लिहा, आणि हवेचा दाब सरासरीपेक्षा जितके हेक्टोपास्कल जास्त, तितके सेंटिमीटर पाणी साधारण कमी धरा.

रुंदीचा हिशेब छोटा आहे. वाऱ्यामुळे जहाज तिरके चालते; व्यापलेला पट्टा = लांबी × साइन + रुंदी × कोसाइन. ३०० मी. लांब, ४० मी. रुंद जहाज ५ अंश तिरके असेल तर ६६ मी. काठाजवळ गेले की मागचा भाग काठाकडे ओढला जातो आणि नाळ (जहाजाचे पुढचे टोक) मध्याकडे ढकलली जाते. सुकाणू सतत एका बाजूला धरावे लागू लागले, तर हेच चालले आहे असे समजा.

ईसीडीआयएसमध्ये (इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारे यंत्र) सेफ्टी कंटूर, म्हणजे सुरक्षित आणि धोक्याचे पाणी वेगळे करणारी खोलीची रेषा, १५ मी. लावला आणि चार्टमध्ये १५ ची रेषा नसेल, तर यंत्र पुढची खोल रेषा, उदाहरणार्थ २० मी., घेते. सगळे चॅनेल धोक्याच्या रंगात जाते, अलार्म वाजतच राहतो आणि लोक तो ऐकणे सोडून देतात. अशा वेळी सेफ्टी डेप्थ (तिच्याहून उथळ खोलीचे आकडे ठळक दिसतात) पाहा आणि जाता न येणारा भाग हाताने रेखून घ्या.

वाहतूकही तपासा. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नियम ९ प्रमाणे उजव्या काठाला राहायचे, आणि समोरून येणाऱ्याशी भेट वळणावर पडणार नाही अशी वेळ साधायची. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ या जहाजांची टक्कर होऊन बंदराची वाहतूक काही दिवस थांबली होती.

शेवटी परत फिरण्याचा बिंदू चार्टवर आखा: जिथे अजून वळायला किंवा नांगर टाकायला जागा आहे. त्याच्या आधी अटी लिहून ठेवा: किमान भरती, कमाल वारा, टग (ओढणारी-ढकलणारी मदतनीस बोट) हजर, दोन्ही सुकाणू मोटर चालू. एक अट अपुरी असेल तर पुढे जायचे नाही, आणि ही यादी पायलट चढताच त्याच्या हातात द्या.