कुत्रा स्वतःच्याच शेपटीमागे फिरतोय? या चुका टाळा

पिल्लू शेपटी पकडायला गरगर फिरू लागलं की घरातले सगळे गोळा होतात, हसतात, टाळ्या वाजवतात, मोबाईल काढतात. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण फिरलो की माणसं खूश होतात, हे त्याला चटकन कळतं आणि मग लक्ष हवं असलं की ते फिरायला लागतं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या एका अभ्यासात इंटरनेटवरचे असे 400 व्हिडिओ तपासले गेले. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त व्हिडिओंत माणसांचं हसू ऐकू येत होतं, आणि सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांमध्ये ही नुसती मजा नसल्याची लक्षणं होती. कुणी रोज फिरत होता, कुणाचं लक्ष दुसरीकडे वळवणंच अवघड होतं.

मग रागवायचं का? तेही नको. एकट्या पडलेल्या कुत्र्याला ओरडा खाणं म्हणजेसुद्धा कुणीतरी दखल घेणं. आणि तो ताणामुळे फिरत असेल, तर ओरडण्याने ताण वाढतोच. शेपटी धरून ठेवणं, बांधून ठेवणं याचाही परिणाम तोच. फिरणं सुरू होण्याआधीची हालचाल ओळखा. शेपटीकडे टक लावून बघणं, एकदम ताठ होणं असं दिसलं की शांत आवाजात हाक मारा, दुसरं काहीतरी करायला द्या आणि त्यासाठी शाबासकी द्या.

लहान पिल्लू काही सेकंद फिरलं आणि हाक मारताच थांबलं, तर काळजीचं कारण नाही. मोठ्या कुत्र्याने अचानक हे सुरू केलं, तर ‘सवय लागली’ म्हणून सोडून देऊ नका. पिसवांची अॅलर्जी, गुदग्रंथी (गुदद्वाराजवळच्या छोट्या पिशव्या) भरणं, पाठीच्या कण्याचं किंवा शेपटीचं दुखणं, क्वचित फिटसारखा मेंदूचा त्रास, यांपैकी काहीही असू शकतं. ‘अंगावर पिसू दिसत नाही’ हा पुरावा धरू नका. अॅलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावेही पुरतात आणि खाज नेमकी शेपटीच्या मुळाशी सुटते. ढुंगण जमिनीवर घासणं, केस गळणं, जखम दिसली की पशुवैद्याकडे न्याच. माणसांची वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरतं.

गळ्यात कोन, म्हणजे जखम चावू-चाटू नये म्हणून लावतात ती नरसाळ्यासारखी कॉलर, घातला की प्रश्न मिटला, असंही नाही. जखम भरायला तो हवा, पण मूळ कारण तसंच राहतं.

कंटाळा हे कारण असेल तर नुसतं पळवून दमवू नका. फेरीत मनसोक्त हुंगू द्या, खाऊ लपवून शोधायला लावा. लेझरच्या ठिपक्यामागे मात्र पळवू नका. तो ठिपका कधीच हाती लागत नाही, आणि एखाद्या गोष्टीच्या मागे अडकून पडण्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याची तीच खोड आणखी घट्ट होते. बुल टेरिअर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात ही प्रवृत्ती जास्त आढळते. पिल्लू आईपासून लवकर तोडणंही टाळा, निदान आठ आठवडे तरी थांबा.

खाणं-झोपणं सोडून फिरत असेल, शेपटी रक्ताळेपर्यंत चावत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. व्हिडिओ काढा, पण पशुवैद्याला दाखवायला. तो कधी, किती वेळ आणि कशानंतर फिरतो हेही लिहून न्या. अशा कुत्र्यांना काही वेळा प्रशिक्षणाच्या जोडीला औषधंही लागतात आणि फरक दिसायला काही आठवडे जातात.