गणेश घाटाने भीमाशंकर

मुंबईहून पहिल्यांदाच भीमाशंकर चढणार असाल तर गणेश घाटच धरा. शिडी घाट जवळचा खरा, पण त्याच्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत आणि पावसात तिथे पाय ठरत नाही. गणेश घाटाला पाच-सहा तास लागतात, पण त्या वेळात जंगल नीट बघून होतं. मी सप्टेंबरअखेरीलाच जाते. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि पठारावर सोनकीचा पिवळा सडा पडलेला असतो.

दादरहून पहाटेची कर्जत लोकल, पुढे पायथ्याच्या खांडस गावापर्यंत टमटम. भाडं बसण्याआधीच ठरवा. माणशी तीन लिटर पाणी घ्याच.

गणपतीचं देऊळ मागे टाकून पदरगडाच्या बाजूने वर आलात की पदर लागतो, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावरचं सपाट माळरान. लोक चुकतात ते इथेच, कारण गुरांच्या ढोरवाटा चहूकडे फुटलेल्या असतात. भाविकांची जुनी वाट रुंद, मळलेली असते आणि तिच्यातले दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात. गुरं बुटकी, त्यामुळे ढोरवाटेवर फांद्या आपल्या छातीला, तोंडाला लागत राहतात. सारखं वाकावं लागतंय असं वाटलं की शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. पुढे सापडेल म्हणून रेटू नका.

पदरानंतरच्या दाट झाडीत गप्पा बंद. हे अभयारण्य 1985 साली जाहीर झालं. शेकरू, आपला राज्यप्राणी, इथे राहतो. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, म्हणून माना वर करा. आधी घरटं शोधा: उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसेल. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, त्यामुळे ते रिकामंही असेल. मग दहा मिनिटं हलू नका. वारा नसताना कुरतडलेल्या फळांचे तुकडे टपटप पडले की नेमकं त्याच्या वर बघा. तांबूस पाठ आणि फिकट टोकाची झुपकेदार शेपूट दिसली की मोठ्याने ओरडू नका, तो एका उडीत पलीकडच्या झाडावर जातो.

माथ्यावर पोचायला दुपारचे दोन वाजून गेले तर घाटाने उतरू नका. दर्शन घ्या, पुण्याची एसटी पकडा आणि तिथून रेल्वेने मुंबईला या.