कांदा वाळवण्याचा उद्योग : ड्रायर घेण्याआधी या चुका टाळा

निफाड तालुक्यातील एका कृषी पदवीधराच्या शेडमध्ये, भर पावसाळ्यात, मी वाळवलेल्या कांद्याचे पाकीट फोडले तेव्हा आतले काप गुळाच्या ढेपेसारखे एकत्र चिकटून बाहेर आले. रंग तपकिरीकडे झुकलेला होता आणि वासात कांद्यापेक्षा जुन्या पोत्याचा दर्प अधिक होता. ड्रायर उत्तम होता, मुलगा कष्टाळू होता, बँकेचा हप्ताही वेळेवर जात होता. चुका झाल्या होत्या त्या बहुतांशी यंत्र शेडमध्ये येण्यापूर्वीच.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक कच्च्या मालाची. लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तिथला लाल कांदा वाळवावा, हा विचार वरवर बिनतोड वाटतो. पण वाळवणाचा धंदा कांद्याच्या वजनावर चालत नाही, तो त्यातील घन पदार्थांवर, म्हणजे बोलीभाषेत ज्याला सगळे ‘टीएसएस’ म्हणतात त्यावर चालतो. समजा, शंभर किलो कांदा सोलून, शेंडा-बुडखा काढून पंच्याऐंशी किलो उरला. त्यात घन पदार्थ १२ टक्के असतील, तर पाच टक्के ओलाव्याचे काप जेमतेम पावणेअकरा किलो मिळतात. १८ टक्के असतील, तर सोळा किलो. कांदा वीस रुपये किलोने घेतला असेल, तर किलोभर कापांमागे नुसत्या कांद्याचा खर्च पहिल्या वेळी सुमारे १८६ रुपये आणि दुसऱ्या वेळी सुमारे १२४ रुपये येतो. शंभर किलो कांद्यामागे वीज, मजुरी आणि हप्ता दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. गुजरातेतील महुव्याचे वाळवणी कारखाने किंवा जळगावचे मोठे प्रक्रियादार जास्त घन पदार्थांच्या पांढऱ्या कांद्याच्या मागे असतात ते याच कारणाने. खिशात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि रसाचा एक थेंब एवढ्यावर हा अंदाज खरेदीपूर्वी घेता येतो. शेडमधल्या त्या तरुणाकडे लाखो रुपयांचा ड्रायर होता, पण हे छोटे उपकरण नव्हते.

दुसरी चूक खेळत्या भांडवलाची. रब्बी कांदा मार्च ते मे या काळात घ्यावा लागतो, माल वर्षभर हळूहळू विकला जातो आणि मसालेवाले किंवा हॉटेल पुरवठादार पैसे देतात ते उधारीची मुदत संपल्यावर. प्रकल्प अहवालात यंत्र आणि शेड नीट मांडलेले असते, हंगामाच्या खरेदीसाठी मात्र अनुदान येईलच असे गृहीत धरलेले असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे, हे सर्वांना पाठ असते. ते कर्जाशी जोडलेले आहे, बँकेत वेगळे ठेवले जाते आणि कर्जखाते सुरळीत व उद्योग चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळते होते, हे वाचायचे राहून जाते. त्या पैशातून एप्रिलचा कांदा येत नाही.

पाकिटातल्या ढेपेचे कारण मात्र साधे होते. कोरडे काप हवेतील ओलावा झपाट्याने शोषतात. साध्या पॉलिथिनच्या पातळ पिशवीतून आणि सैल सीलमधून तो पावसाळ्यात सहज शिरतो. ट्रेमधून काढलेला गरम माल लगेच भरला, तर पिशवीच्या आत वाफ धरते ती वेगळीच. काप कोरड्या बंद खोलीत थंड करून फॉइलचा थर असलेल्या पाकिटात भरणे, आणि वाळवणाच्या अखेरच्या टप्प्यात तापमान उतरवणे, एवढ्याने ढेकळे आणि तपकिरी रंग या दोन्ही तक्रारी पुष्कळ कमी होतात. लेबल छापण्याआधी अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक हाती असावा, ही सूचना क्षुल्लक वाटेल. पण छापून वाया गेलेल्या पाकिटांचे गठ्ठे मी एकाहून अधिक शेडमध्ये पाहिले आहेत.

मग शिक्षणाचे काय? त्या तरुणाकडे पदवी होती, तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही होते. माझ्या मते असे प्रशिक्षण पाककृती शिकवते, धंदा शिकवत नाही. राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे यंत्र घेतल्यानंतर तक्रार घेऊन जाण्यापेक्षा, यंत्र घेण्याआधी आपलाच पन्नास किलो कांदा घेऊन गेल्यास शिक्षणाचा खरा उपयोग होतो. द्राक्ष उत्पादकांनी हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे : २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, आणि ग्राहकाची प्रयोगशाळा काय तपासते हे शेतात फवारणी करण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते, हे नाशिक जिल्ह्याला उमगले. मोहाडीच्या ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीचे विलास शिंदे स्वतः राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले आहेत, तरी त्यांनीही सुरुवात यंत्रापासून केली नाही. आधी द्राक्षे निर्यात करून बाजार ओळखला आणि मोठे प्रक्रिया प्रकल्प पुढे उभारले.

ज्यांचा ड्रायर आधीच येऊन बसला आहे, त्यांनी या हंगामापुरता स्वतःचा कांदा कमी करावा आणि इतरांचे आले, मेथी, शेवग्याची पाने किलोमागे ठरावीक मजुरीवर वाळवून द्यावीत. हप्ता निघतो, भांडवल अडकत नाही. मुख्य म्हणजे कोणता ग्राहक दुसऱ्यांदा माल घेऊन येतो, हे पुढचा कांदा खरेदी करण्याआधी कळते. निफाडच्या त्या शेडमध्ये सध्या बहुतेक ट्रेंवर आले आहे.