'हे सर्वश्रुत आहे' कधी लिहावे, कधी नाही

देवस्थानच्या किंवा शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिताना 'हे सर्वश्रुत आहे की' अशी सुरुवात करा, लेख भारदस्त होतो, असा सल्ला गोव्यात सर्रास मिळतो. तो मानू नका.

आधी शब्द नीट निवडा. कीर्ती, परंपरा, इतिहास यांना 'सर्वश्रुत' शोभतो. झाकून ठेवलेले बाहेर आले की 'जगजाहीर'. दोघांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की ती 'षट्कर्णी'.

मग वाचक कोण ते बघा. गोवामुक्तीचा दिवस, 19 डिसेंबर 1961, गोव्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल मात्र विदर्भातल्या वाचकाने ऐकलेला असेलच असे धरू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश राहावा यावर ते मतदान होते, एवढे सांगून टाका.

खरी कसोटी पुढे आहे, आणि मलाही तीच सर्वांत जड गेली. सगळ्यांनी ऐकलेले सगळे खरे नसते. 'पोर्तुगीजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले' हे वाक्य घ्या. तिसवाडी तालुक्यापुरते ते बरोबर, कारण तिथे ते 1510 मध्ये आले. बारदेश आणि सासष्टी त्यांना 1543 मध्ये मिळाले. पण पेडणे त्यांच्या हाती गेले 1788 मध्ये, म्हणजे तिथला त्यांचा अंमल पावणेदोनशे वर्षांचाही नाही. पेडण्याचाच माणूस आपल्या गावाविषयी 'साडेचारशे वर्षांची गुलामी' लिहितो तेव्हा मला फार वाईट वाटते. सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात जगलेल्या त्याच्याच पूर्वजांचा काळ त्या एका वाक्याने पुसला जातो.

म्हणून 'सर्वश्रुत' हा शब्द आधी काढून टाका आणि उरलेल्या वाक्याला विचारा: कुठे? कधीपासून? कोणत्या तालुक्यात? 'आमचे जाणते सांगतात' एवढ्यावर थांबू नका, छापील इतिहासात साल काढून बघा. साल जुळले नाही तर वाक्य बदला. 'सर्वश्रुत' लावून चुकीचे वाक्य पुढे ढकलणे मला मुळीच मान्य नाही. त्या शब्दामुळे वाचक शंका विचारायलाच कचरतो.

राहिली शब्दाची जागा. तो वाक्याच्या शेवटी घाला: 'मंगेशकर मूळचे मंगेशीचे, हे सर्वश्रुतच आहे.' त्याला जोडून लताबाईंचा जन्म मात्र मंगेशीत लावू नका. त्या 1929 साली इंदूरला जन्मल्या.